कंपायलररावांना आठ चालत नाही

कंपायलरराव माणूस म्हणून वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पहिल्या भेटीत ते कोणालाच आवडत नाहीत. आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यात हयगय नाही. रात्री अडीचला काम पुढ्यात टाकलं तरी कुरकुर नाही, चहापाण्याची अपेक्षा नाही, आणि अर्धवट वाचून मान डोलावण्याची सवय तर अजिबात नाही. त्यांची बिऱ्हाडं अनेक आहेत: सी, जावा, पायथन, हॅस्केल, रस्ट. प्रत्येक घरी पोशाख वेगळा, बोलण्याची ढब वेगळी; पण नाकावरचा राग सगळीकडे एकच, आणि तो बहुधा आकड्यांवरून निघतो.

प्रोग्रॅममध्ये सरळ लिहिलेला आकडा, म्हणजे ५ किंवा ३.१४, याला रावांच्या दप्तरी ‘न्यूमरिक लिटरल’ म्हणतात. आता पाच लिहिले तर पाच. यात भांडण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल.

दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी प्रोजेक्टसाठी शहरांचे एसटीडी कोड जावाच्या एखाद्या जुन्या आवृत्तीत भरायला घेते. पुणे ०२०, मुंबई ०२२, नागपूर ०७१२. राव चकार शब्द काढत नाहीत. मग पणजी येते, ०८३२, आणि राव उसळतात: ‘इंटिजर नंबर टू लार्ज’. आकडा फार मोठा आहे! दोनशे चौदा कोटींपर्यंतचे आकडे बिनतक्रार रिचवणारा हा माणूस आठशे बत्तिसाला मोठं म्हणतो. मुलगी बिचारी ०८३२ पुसून नुसतं ०८ लिहून बघते. तेही फार मोठं. ०७ लिहिलं की खुशाल आत. सात चालतो, आठ मावत नाही. खरी गंमत तर गप्प बसलेल्या ओळींत आहे. प्रोग्रॅम चालवून कोड छापले तर पुण्याचा १६ झालेला असतो, मुंबईचा १८ आणि नागपूरचा ४५८. गोव्याच्या नावानं आरडाओरडा करताना रावांनी महाराष्ट्राचं परस्पर वाटोळं केलेलं असतं. (एसटीडी कोड हा आकडा नव्हेच, तो अवतरणात मजकूर म्हणून ठेवावा, हे कोणताही सीनियर सांगेल. खरंच आहे. पण तेवढं वाक्य रावांनी स्वतः म्हटलं असतं तर त्या मुलीची संध्याकाळ वाचली असती.)

या खुळामागे घराण्याचा इतिहास आहे. आकड्याआधी शून्य आलं की रावांच्या लेखी तो दशमान राहत नाही, अष्टमान होतो. मग त्यात ० ते ७ एवढेच अंक. हा दंडक ‘बी’ नावाच्या भाषेतला. ती १९६९च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन यांनी रचली. समोरचं मशीन होतं पीडीपी-७. त्याचा एकेक शब्द १८ बिटांचा, आणि तीन-तीन बिटांचे गट पाडले की त्यात सहा अष्टमान अंक नेमके बसत. अशा मशीनवर काम करणाऱ्याला अष्टमान रोजच लागायचं, म्हणून एका शून्याची खूण ठेवली, टंकायलाही सोपी. बीकडून ती डेनिस रिची यांच्या सीकडे गेली, सीकडून जावाकडे. मशीन केव्हाच वस्तुसंग्रहालयात गेलं, खूण मात्र मागे राहिली. तेव्हा ०८ हा आकडा मोठा नव्हे, अष्टमानात तो असूच शकत नाही. जावातल्या रावांना तो बसवता आला नाही, आणि न बसणाऱ्या आकड्यासाठी त्यांच्या टेबलावर बरीच वर्षं एकच शिक्का होता. कारण काही असो, तोच उमटायचा.

तरुणपणी राव इतके कर्मठ नव्हते. १९७८ साली कर्निहन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं, त्यात अष्टमानातसुद्धा ८ आणि ९ चालवून घेतले होते. ०८ म्हणजे आठ, ०९ म्हणजे नऊ, आणि ०१८ म्हणजे सोळा. १९८९च्या अमेरिकन प्रमाणीकरणात हा सैलपणा बंद झाला. योग्यच झालं म्हणायचं. सोळाला अठरासारखं लिहू देणारा माणूस प्रेमळ असेल, पण त्याच्या हाती हिशेब देऊ नये.

रावांचे एक चुलतभाऊ आहेत, बॅश. ते कंपायलर नव्हेत. ओळ वाचतात आणि तिथल्या तिथे अमलात आणतात. शून्याचा विकार मात्र तोच. कोणी तरी सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट लावून ठेवतो: आजचा महिना घ्यायचा, त्यात एक मिळवायचा, पुढच्या महिन्याचा फोल्डर करायचा. जानेवारी ०१, फेब्रुवारी ०२, जुलै ०७, सगळं सुरळीत. श्रावणाच्या सुमारास ऑगस्ट उजाडतो आणि बॅशराव सांगतात, ‘व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस’. सप्टेंबरात ०९, गणपतीच्या धामधुमीत पुन्हा तेच. ऑक्टोबरात १० येतो, आधीचं शून्य जातं, स्क्रिप्ट आपोआप बरी होते. सुट्टीवरून परतून तपासायला बसलेल्या माणसाला काहीच सापडत नाही, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत त्याची नोकरीही बदललेली असते.

रावांची वाचायची रीत कळली की निम्मा राग कळतो. ते डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर बोट ठेवून वाचतात. शब्दाचं पहिलं अक्षर अंक असलं की हा आकडा, असा निकाल तिथेच लागतो. त्यावर अपील नाही. एकानं दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी व्हेरिएबलचं नाव ठेवलं ‘२एनडी’. सीतले राव म्हणाले, ‘एनडी’ हे शेपूट पूर्णांकाला चालत नाही. पायथनमधले म्हणाले, ‘इन्व्हॅलिड डेसिमल लिटरल’. त्या माणसाच्या मनात आकडा नव्हताच, नाव होतं! तो ओळीतले खरे आकडे, कंस, स्वल्पविराम सगळं तपासत बसला. राव जिथे अडखळतात तिथून बोलतात. आपण जिथे चुकलो ती जागा दोन पावलं मागेच राहून गेलेली असते. नवशिक्यांच्या आणि त्यांच्या भांडणाचं मूळ इथे आहे, त्यांच्या खडूस आवाजात नाही.

शिवाय रावांना हाव आहे. आकडा सुरू झाला की पुढचं जे जे आकड्यात खपेल ते ते ओढून घेतात. षोडशमानात ए ते एफ ही अक्षरंही अंक असतात, आणि त्याची खूण म्हणजे आधी ‘शून्य-एक्स’. पायथनमध्ये कोणी ‘शून्य-एक्स-एक’ लिहिलं आणि जागा न सोडता त्यालाच चिकटवून ‘फॉर’ लिहिलं, तर राव ‘फॉर’मधला एफ गट्टम करतात. आकडा होतो ३१. उरतं ‘ऑर’, आणि ऑर म्हणजे ‘किंवा’ हा पायथनमध्ये स्वतंत्र, प्रतिष्ठित शब्द आहे. यादीतल्या प्रत्येकासाठी एकेक १ मागितला होता. राव एकच ३१ हातावर ठेवतात आणि एरर तर देतच नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत ते निदान खाकरतात.

सी प्लस प्लसच्या घरी राव विद्वान आहेत आणि ते तुम्हाला विसरू देत नाहीत. तिथे २०११च्या प्रमाणापासून आकड्याला स्वतःचं शेपूट जोडायची मुभा मिळाली: अंडरस्कोर देऊन पुढे किलोमीटर लिहा, ग्रॅम लिहा, त्याचा अर्थ तुम्हीच ठरवा. आता जावातून आलेला एखादा साधा माणूस हजार वाचायला सोपा व्हावा म्हणून १_००० लिहितो. जावात ते चालतं. इथे जीसीसी नावाच्या कंपायलरातले राव चष्मा पुसून सांगतात की ‘_०००’ या नावाचा न्यूमरिक लिटरल ऑपरेटर कुठेच सापडला नाही. म्हणजे ते शोधून आले! तुम्ही ‘अंडरस्कोर शून्य शून्य शून्य’ नावाचं नवं माप काढलंय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. या घरी हजार सुटा दाखवायला वरचा स्वल्पविराम लागतो आणि तो २०१४पासून चालतो, एवढंच सांगायचं होतं. विद्वानांना एवढंच सांगणं जमत नाही.

जावातल्या रावांची आणखी एक खोड. मोबाइल नंबर ठेवायचा म्हणून माणूस शहाण्यासारखा मोठा डबा घेतो, ‘लाँग’ जातीचा, आणि त्यात ९८नं सुरू होणारा दहा आकडी नंबर लिहितो. पुन्हा तोच शिक्का, आकडा फार मोठा. डब्यात तर अशा कोट्यवधी नंबरांची बेरीज मावेल. पण राव डब्याकडे बघतच नाहीत. साध्या आकड्याची हद्द २,१४,७४,८३,६४७. त्यापलीकडे जायचं तर आकड्याच्या पाठी एल लावा, मग बोलू. भारतातला एकही मोबाइल नंबर या हद्दीत बसत नाही, कारण ते सगळे ६ किंवा त्यापुढच्या अंकानं सुरू होतात. म्हणून आपल्याकडच्या मुलांची ही ठेच अगदी ठरलेली. आणि एल लहान लिपीत लिहिला तर तो हुबेहूब १ दिसतो. दहा आकडी नंबर बघणाऱ्याला अकरा आकडी वाटतो. ‘आकड्याच्या शेवटी मोठ्या लिपीतला एल लावून बघा’ हे वाक्य त्या शिक्क्याखाली छापायला शाई किती लागली असती?

हॅस्केलचे राव ग्लासगोचे. संयमी, संशयानं कधीच न बोलणारे, आणि म्हणून सर्वांत गोंधळात टाकणारे. ‘वय: ’ या मजकुराला कोणी थेट ५ जोडला तर सरळ सांगावं ना, की मजकुराला आकडा जोडता येत नाही. पण हॅस्केलमध्ये ५ हा नुसता पाच नसतो; ज्या ज्या जातीला आकडा होणं शिकवलंय त्या कोणत्याही जातीचा तो होऊ शकतो. त्यामुळे राव मनाशी म्हणतात, यांनी मजकुरालाही आकडा होणं शिकवलं असेल, मला ते दिसत नाही एवढंच. आणि मग तशा आकड्यांच्या वर्गात मजकुराची नोंद सापडत नसल्याचं कळवतात. चूक दाखवायच्या ऐवजी ते अनुपस्थिती नोंदवतात. पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्याला हे वाचून काय बोध होणार? नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठात शिकवणाऱ्यांना हे इतकं जाणवलं की त्यांनी हेलियम नावाचे धाकटे राव घडवले आणि सुरुवातीला या वर्गबिर्गांची भानगडच काढून टाकली, का तर मेसेज माणसाला कळावा. भाषेला कात्री लावून बोलणं सुधारलं. हे मला थोडं जास्त वाटतं, पण शिकवणाऱ्याची तगमग समजते.

रावांचं बोलणं सुधारता येतं याचा पुरावा पायथनच्या घरी आहे. तिथे पूर्वी ०१० चालायचं आणि ०८ लिहिलं की ‘इन्व्हॅलिड टोकन’ यायचं. दोन शब्द, कपाळावर मारल्यासारखे. २००८च्या डिसेंबरात पायथन ३ आलं आणि शून्याची जुनी खूणच मोडीत काढली. अष्टमान हवं तर शून्यापुढे इंग्रजी ओ लिहा, असं ठरलं. नियम बदलला, पण बोलणं तेच. पुढे अकरा वर्षं ‘इन्व्हॅलिड टोकन’. २०१९च्या ऑक्टोबरात ३.८ आवृत्ती आली तेव्हा राव पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले: दशमान पूर्णांकाआधी शून्य चालत नाही, अष्टमानासाठी ओची खूण वापरा. आणि यात चीड आणणारी गोष्ट अशी की कारण त्यांना आतल्या आत आधीपासून ठाऊक होतं. आधी शून्य, मागे शून्येतर अंक, सबब नामंजूर, इतका विचार ते दर वेळी करत होते. फक्त बाहेर येताना कारण आतच ठेवून शिक्का घेऊन यायचे. आकड्यांचे मेसेज सुधारणं म्हणजे बरेचदा एवढंच असतं: आत झालेला विचार दारापर्यंत आणायचा.

रस्टच्या घरी तर घडीच वेगळी बसवली आहे. वाचणाऱ्यानं दारात वाद घालायचा नाही. आकड्यासारखं दिसतंय ना, मग कितीही विचित्र असो, शेपटासकट आत घ्यायचं. चौकशी आतल्या खोलीत. द्विमानात कोणी २ घुसडला तर त्या नेमक्या २खाली रेघ मारून सांगतात, दोनच्या पायाला हा अंक चालत नाही. कोणी ३५ बिटांचा पूर्णांक मागितला तर म्हणतात, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ एवढ्याच मापाचे मिळतील. ‘शून्य-एक्स’मधला एक्स मोठ्या लिपीत काढला तर, तो लहान करून बघा. २५५पर्यंतच्या डब्यात ३०० कोंबले तर डब्याची हद्द ० ते २५५ अशी वाचून दाखवतात. आणि ०१० म्हणजे इथे सरळ दहा. ही मृदू वाणी त्यांनी काही अंशी एल्मकडून घेतली. एव्हान चॅपलिकी यांच्या एल्ममधले राव ‘मी’ म्हणून बोलतात: मला आधी शून्य असलेले आकडे घेता येत नाहीत, ती शून्यं काढा. वर समजावतात की सीमध्ये ०१११ म्हणजे ७३ होतात, काहींना तेच हवं असतं, काहींना एकशे अकरा, कोणाचाच घोटाळा व्हायला नको म्हणून मी यात पडत नाही. पहिल्यांदा वाचताना गहिवरून येतं. दहाव्यांदा वाटतं, राव, कळलं हो, आता आवरा. घाईच्या माणसाला रस्टची एक रेघ बरी.

आपली लिपी रावांना येते का, हे तुम्ही विचारणार हे माहीत होतं. पायथनमध्ये अवतरणात ‘१२३’ देवनागरीत लिहून त्याचा पूर्णांक करायला सांगा. राव मुकाट्यानं करतात, एकशे तेवीस बरोबर येतो. तोच १२३ अवतरणाबाहेर, प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहा. लगेच ‘इन्व्हॅलिड कॅरेक्टर’, आणि आपल्या १ चा युनिकोडमधला नोंदणी क्रमांक यू+०९६७ वाचून दाखवतात. नाव-गाव-पत्ता सगळं माहीत, तरी ओळख द्यायची नाही. (या लेखातले आकडे म्हणूनच रावांपुढे जसेच्या तसे ठेवू नका.)

पण त्यांची खरी परीक्षा लाखात होते. सीमध्ये आधीच मांडून ठेवलेल्या पगाराच्या खात्यात आपल्या हातवळणानं १,२५,०५० लिहा. स्वल्पविराम हा रावांच्या दृष्टीनं वेगळाच प्राणी. ते पहिला १ खात्यात टाकतात, पुढचे २५ आणि ०५० वाचून सोडून देतात. पगार एक रुपया. स्वतंत्र ताकीद मागितली नसेल तर जीसीसीचे राव एक अक्षर बोलत नाहीत. तोच पगार तीस रुपयांनी वाढवून १,२५,०८० करा, आणि राव ओरडतात की अष्टमानात ८ कसा आला! सव्वा लाख मांडणाऱ्या माणसाच्या स्वप्नातसुद्धा अष्टमान नव्हतं. पायथनमध्ये १,००,००० लिहिलं तर १, ० आणि ० अशी तीन आकड्यांची पुरचुंडी हाती येते, कारण नुसती शून्यं कितीही असली तरी तिथे चालतात. १,२५,०८० लिहिलं तर ते सुधारलेलं, सभ्य, पूर्ण वाक्य ऐकू येतं: आधी शून्य नको, ओची खूण वापरा. सल्ला ऐकून ओ घातला की दुसरा मेसेज: अष्टमानात ८ चालत नाही. स्वल्पविरामाबद्दल दोन्ही वेळा अवाक्षर नाही. दोन-दोन, मग तीन अंकांचे गट स्वल्पविरामानं तोडलेले दिसले तर ‘आपण लाख लिहीत होतात का?’ असं विचारायला फार मोठी बुद्धी लागत नाही. एवढं विचारणारे राव मला तरी अजून भेटायचेत.

स्वल्पविरामाऐवजी अंडरस्कोर घ्यावा, हा त्यावरचा चालू तोडगा. १_००_००० हे पायथनला चालतं, जावाला चालतं, रस्टलाही चालतं, आणि लाख लाखासारखा दिसतो. रस्टच्या घरी मात्र क्लिपी नावाची एक सल्लागार व्यक्ती असते, प्रोग्रॅम नेटका दिसावा म्हणून सूचना करणारी. १_००_००० बघून ती अतिशय गोड आवाजात सांगते की अंकांचे गट एकसारखे पाडलेले नाहीत, आणि दुरुस्तीही स्वतःच लिहून देते: १००_०००.